हात मांडीवर

"थांबवा. इथेच थांबवा, सर."

पडद्यावरचं चित्र थांबलं. खुर्चीत एक बसड्रायव्हर, तोंड अर्धवट उघडं. त्याच्यासमोर समुपदेशक म्हणून ते स्वतः. आणि मधल्या टेबलावरून पाण्याचा ग्लास पुढे सरकवणारा त्यांचाच हात.

"हा हात बघा," ती म्हणाली.

"बघतोय की. पाणी देतोय माणसाला. गुन्हा आहे का?"

"थोडं मागे घेते. तो काय म्हणतोय ते ऐका."

ड्रायव्हर पुन्हा बोलू लागला. हे चित्रण त्याला विचारूनच केलेलं होतं. "बायको गेली, पण तिचा दात घासायचा ब्रश अजून तिथंच आहे, साहेब. माझ्या ब्रशाशेजारी. रोज सकाळी..." एवढ्यात त्याचा आवाज कापरा झाला आणि ग्लास पुढे आला. तो पाणी प्यायला, मिशा पुसल्या आणि गाडीच्या टायरांबद्दल बोलू लागला. वेळ संपेपर्यंत टायरच.

"रोज सकाळी काय?" तिनं विचारलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बघा. ते त्याच्या घशातच राहिलं."

लोकांची दुःखं ऐकण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. ही पोरगी एके काळी त्यांच्याच वर्गात शेवटच्या बाकावर पेंगायची. आता तीच त्यांना शिकवत होती, आणि तिच्याकडे ते आपणहून आले होते. कारण त्यांच्याकडची माणसं निघून जात होती. भांडून नाही. हसून, आभार मानून जायची, अन् परत यायची नाहीत. ड्रायव्हरनंही निरोप धाडला होता, येत्या गुरुवारी येतो, मग पुरे. आणि तो त्यांच्याकडून तसाच गेला तर दुसऱ्या कुणाकडे जाणाऱ्यातला नव्हता.

"एवढी वर्षं हेच करतोय गं मी," ते म्हणाले.

"तुम्हीच सांगायचात, सर. रोज केलं की हात बसतो. पण चुकीचं रोज केलं तर चुकीचाही बसतो." तिनं खुर्ची त्यांच्यासमोर ओढली. "सगळं सुधारायला जायचं नाही. एकच गोष्ट धरायची. समोरच्याला भरून आलं की हात मांडीवर. तोंड बंद. मग त्याचेच शेवटचे शब्द हळूच त्याला परत द्यायचे, बस्स. चला. मी पेशंट."

तिनं खोटं खोटं तोंड पाडलं. त्यांचा हात लगेच टेबलाकडे निघाला.

"हात!"

पुन्हा केलं. पुन्हा हात. ती हसायला लागली. "सर, तुम्ही रिटायर झालात तरी हा काही ऐकायचा नाही."

शेवटी तिनं घरचा अभ्यास दिला. घरातल्या कुणाला तरी समोर बसवायचं. पेशंटचं खरं बोलणं बाहेर न्यायचं नाही, म्हणून तिनंच एक बनवलेलं वाक्य दिलं, 'मला हल्ली घरी जावंसंच वाटत नाही.'

घरात एकच माणूस होतं. त्यांची बायको. ती मटार सोलत बसली होती. बालवाडीत शिकवून निवृत्त झाली होती, पण आवाज अजून वर्गातलाच होता.

"मी पेशंट? वेडी का साधी?"

"अगं, साधी."

"मग त्यात नाटक कसलं करायचं?"

तरी तिनं केलं. डोळ्यांना रुमाल लावून असा काही हुंदका काढला की त्यांना हसू फुटलं. मग ती खरोखरची मास्तरीण झाली. त्यांचा हात हलला रे हलला की मटारची शेंग त्यांच्या मनगटावर टपकन मारायची. "हलला. पुन्हा." त्यांनी मध्येच तोंड उघडलं की म्हणायची, "माझ्या वर्गात असता ना, कोपऱ्यात उभं केलं असतं." एवढं हसणं त्या स्वयंपाकघरात कितीतरी दिवसांत झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनंच हाक मारली. "अहो, या. सराव राहिलाय तुमचा."

ते समोर बसले. तिनं एक शेंग हातात घेतली आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "मला हल्ली घरी जावंसंच वाटत नाही."

"जावंसं वाटत नाही..." ते म्हणाले. हात मांडीवर होते.

वाक्य तिथंच संपत होतं. पण ती थांबली नाही.

"दारात चपला ठेवायची फळी आहे. तिच्या डाव्या कोपऱ्यात कुणी काही ठेवलं की मला राग येतो. पाहुण्यांनी ठेवलं तरी. मी उचलून बाजूला करते."

तो कोपरा कुणाचा, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांची मुलगी कॉलेजात होती तेव्हा तिला ताप आला. चालत दवाखान्यात गेली ती परत आली नाही. डॉक्टर बाहेर येऊन सांगून गेले, आणि तिथं व्हरांड्यात बायकोनं तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी तिच्या हातात पाणी दिलं होतं. "आधी पाणी पी. सावर." ती पाणी प्यायली. त्यानंतर त्यांच्यासमोर ती कधीच रडली नाही. बायको फार धीराची आहे, असं ते लोकांना सांगत आले होते.

"राग येतो..." ते म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला.

"त्या दिवशी मला ओरडायचं होतं. दवाखाना डोक्यावर घ्यायचा होता. माझ्या नवऱ्यानं पाणी दिलं." ती शेंगेकडे बघत होती. "चांगला आहे हो तो. पण त्याला कुणाचं रडणं बघवत नाही. म्हणून मग मी बाथरूममध्ये नळ सोडते. नळाच्या आवाजात काही ऐकू जात नाही."

तो नळ त्यांनी इतकी वर्षं ऐकला होता. पाणी वाया जातं म्हणून एकदोनदा बोललेही होते.

हात उठायला बघत होता. त्यांनी तो दुसऱ्या हातानं दाबून धरला. ती रडत होती, आवाज न करता, आणि ते नुसते बसले होते. आयुष्यात इतकं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं तोंड पुसलं. शेंगेतले दाणे भांड्यात टाकले.

"आज छान जमलं हं," ती म्हणाली. "हात अजिबात हलला नाही. त्या माणसासमोर असंच करा." आणि उठून भांडं धुवायला गेली.



गुरुवारी त्यांनी टेबलावरचा ग्लास खिडकीत नेऊन ठेवला. ड्रायव्हर आला, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला.

"मागच्या वेळी तुम्ही ब्रशाबद्दल सांगत होता," ते म्हणाले. "मी मध्येच पाणी दिलं आणि तुमचं बोलणं तोडलं. रोज सकाळी..."

ड्रायव्हर टोपीची कड चाचपत राहिला. आता उठून जातो की काय असं त्यांना वाटलं.

"रोज सकाळी मी तिचा ब्रशपण ओला करतो, साहेब," तो म्हणाला. "वाळलेला बघवत नाही."

मग तो रडला. मोठ्या माणसाचं ओबडधोबड रडणं. ते मांडीवर हात ठेवून त्याच्यासोबत बसले. जाताना दारात तो वळला. "पुढच्या गुरुवारी हीच वेळ ना?"

घरी येऊन त्यांनी चपला फळीच्या उजव्या बाजूला ठेवल्या.

"जमलं," ते म्हणाले. "येणार आहे तो परत."

"बरं झालं बाई." ती ओट्याशी उभी होती. मागे न वळताच तिनं विचारलं, "म्हणजे सराव संपला आता?"

तेव्हा त्यांचं लक्ष गेलं. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या समोरासमोर मांडून ठेवल्या होत्या.

"सराव नको," ते म्हणाले. "आपण नुसतं बसू. तू आणि मी."

ती वळली. बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. रागानं नाही. फार लांबून बघावं तसं.

"नको. सरावच असू दे," ती म्हणाली. "तुमच्याशी नाही हो मला बोलता येत. सरावाला तो समोर बसतो ना, त्याच्याशी येतं."

काही बोलावं, समजूत घालावी, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. जाऊन आपल्या खुर्चीत बसले. पाण्याचा ग्लास तिनं पार ओट्याच्या टोकाला, त्यांचा हात पोचणार नाही असा ठेवला होता.

"बसा," ते म्हणाले.

ती समोर बसली. साडी नीट केली. पाठ केलेलं वाक्य तिनं म्हटलंच नाही.

"मला एक मुलगी होती," ती म्हणाली, पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाला सांगावं तशी.

"मुलगी होती..." ते म्हणाले, आणि हात मांडीवर ठेवले.