चौतीस नंबरचं लेबल

दुपारचं जेवण झालं की कारखान्याचे मालक दादा ऑफिसातल्या खुर्चीत मान मागे टाकून झोपायचे, आणि झोपेत त्यांचा श्वास थांबायचा.

घोरणं चालू असेपर्यंत वहिनींना काही वाटत नसे. पण मध्येच घोरणं तुटायचं. छाती हलायची नाही. समोरच्या टेबलावर ऑर्डरींचे कागद लावत बसलेल्या वहिनींचा हात थबकायचा. डोक्यावर पंखा फिरतोय, काचेपलीकडे शिलाई मशिनं धडधडतायत, आणि या एका खुर्चीत मात्र काहीच चालू नाही. मग पाण्याखालून कुणी वर यावं तसा दादा एकदम श्वास ओढायचे.

"अहो, पुन्हा थांबला होता."

"काय?"

"श्वास."

"मग आत्ता बोलतंय कोण? भूत?" दादा डोळे चोळत हसायचे.

वहिनींना हसू येत नसे. याच खुर्चीत, अशाच दुपारी त्यांचे सासरे गेले होते. झोपलेत असं समजून कुणीतरी पुढ्यात चहा ठेवून गेलं होतं. चहावर साय धरली तेव्हा लोकांच्या लक्षात आलं. सासरे तेव्हा बावन्न वर्षांचे होते. दादांना आता पन्नासावं लागलं होतं.

"ताईंच्या दवाखान्यात एकदा तपासून घ्या ना," वहिनी म्हणत.

यावर दादांचं उत्तर ठरलेलं होतं. ते पँटचा पट्टा आतून उलटा करून दाखवत. "हे वाच. चौतीस. लग्नात चौतीस, आज चौतीस. कंबर जागची हलली नाही, आणि म्हणे तपासून घ्या! पोट जरा पुढे आलंय, त्याला तब्येत सुधारली म्हणतात."

आणि लेबल खोटं कसं म्हणायचं? पँट त्यांच्याच कारखान्यात शिवलेली. नर्सेस, पहारेकरी, बँकेतले लोक, तंत्रनिकेतनातली मुलं, अशा सगळ्यांचे गणवेश हा कारखाना वर्षानुवर्षं शिवत आला होता. वहिनींच्या डोळ्यांना दिसत होतं ते वेगळंच. पण छापील आकड्यापुढे डोळे गप्प बसतात.

कारखान्याच्या मागच्या अंगाला डमीची खोली होती. तिथे लोखंडी दांड्यांवर चार धडं उभी असत. डोकं नाही, हात नाहीत. नवा नमुना कापला की आधी त्यांच्यावर चढवून बघत. कटिंग मास्तर म्हणजे दादांचे सख्खे मामा. उमेदीच्या काळात विकतची डमी परवडत नव्हती, म्हणून त्यांनी घरच्याच माणसांना ओल्या कागदाच्या पट्ट्या गुंडाळून, वर मांजरपाट चढवून ही चार धडं तयार केली होती. सासरे, सासूबाई, मेडिकल कॉलेजात पुढचं शिक्षण घेणाऱ्या ताई आणि पंचविशीतले दादा; पहिल्या दोघांवर प्रौढांचे गणवेश बेतायचे, दुसऱ्या दोघांवर तरुणांचे. दादांचा डावा खांदा जरासा पडका होता, तसाच त्या डमीचाही होता. गावातले निम्मे पहारेकरी आपल्याच खांद्याचा शर्ट घालून हिंडतात, हा दादांचा आवडता विनोद होता.

त्या खोलीत मामांशिवाय फारसं कुणी जात नसे. अलीकडे तर बायका चक्क नाही म्हणायला लागल्या होत्या.

"वहिनी, मला तिकडे पाठवू नका," काजबटणवाली एक दिवस म्हणाली. "त्या डमी फुगतायत."

"तुझं काहीतरीच!"

"मग खोळी का बसत नाहीत? धूळ बसू नये म्हणून मीच शिवल्यात त्या, माझ्या हातची बटणं आहेत. पूर्वी लागायची. आता पाठीमागे वीतभर फट पडते."

"धुऊन आटल्या असतील."

"चारही? आणि आटल्या तर लांबीला नको का आटायला?"

शेजारची पोरगी खुदकन हसली. "मोठ्या साहेबांना बघा जाऊन. गेल्यावरसुद्धा पोट सुटतंय त्यांचं."

बाकीच्या मान खाली घालून शिलाईला लागल्या.

वहिनी स्वतः गेल्या. भर दुपार होती, खिडकीतून स्वच्छ उजेड येत होता, त्यामुळे भिण्यासारखं काही नव्हतं. चार पांढरी धडं पाठमोरी उभी होती. प्रत्येकाच्या पाठीवर खोळीची दोन टोकं एकमेकांपासून दूर राहिलेली. कुणीतरी छाती भरून श्वास घेतलाय आणि तो सोडलेलाच नाही, असं काहीतरी वाटत होतं.

वहिनींनी सासऱ्यांच्या डमीवरची खोळ बाजूला केली. समोर गोल, ताठ पोट. या माणसाला जाऊन अठरा वर्षं झाली होती. लग्न होऊन आल्यावर याच डमीवर त्यांनी टाचण्या लावायला शिकून घेतलं होतं. तेव्हा ती कडक होती, बोटानं टिचकी मारली की टकटक वाजायची. आता त्यांनी हात ठेवला, तर हाताला ऊब लागली. वहिनी दचकल्या. मग लक्षात आलं, भिंतीपलीकडे इस्त्रीखातं आहे, वाफेची नळी इथूनच जाते. तरीही हात काढवेना. त्यांनी बोटानं दाबलं. बोट आत गेलं. आणि काढल्यावर तो खळगा सावकाश, अगदी सावकाश, भरून आला.

वहिनी बाहेर आल्या त्या दार ओढून घेत.

दोन दिवसांनी ताई आल्या. दादांच्या या थोरल्या बहिणीचा जवळच दवाखाना होता, आणि कामगारांचा रक्तदाब आणि साखर तपासायला त्या अधूनमधून येत. वहिनींनी त्यांना बाजूला घेतलं.

"ताई, तुम्ही शिकलेल्या. हसू नका. पण ती डमी... मऊ लागते."

ताई हसल्या नाहीत. त्या खोलीत गेल्या, खोळी उतरवून चारही डमींभोवती एक फेरी मारली, आणि कॉलेजातल्या ताईंच्या डमीपुढे थांबल्या. "ही मी? मी तर काडीपैलवान होते!" मग त्यांनी दाराबाहेर डोकं काढून हाक मारली, "मामा! कात्री घेऊन या."

मामा आले. गळ्यात टेप, कानावर खडू. खोळी उतरवलेल्या पाहिल्या आणि दारातच उभे राहिले.

"कुणी वाढवल्या या, मामा?"

"मीच," मामा म्हणाले. "अगं, दर दोन-चार वर्षांनी तक्रार यायची, कपडे घट्ट होतात. मोठा नंबर पाठवला की लोक चिडायचे, मी काय एवढा जाड झालो? मग मी डमीवर कापसाचा एक थर चढवायचो, वर मांजरपाट शिवायचो, आणि कापड त्यावर बेतायचो. लेबल तेच ठेवायचो. तक्रार बंद, माणूस खूश. यात कुणाचं काय वाईट केलं?"

ताईंनी कात्री घेतली आणि सासूबाईंच्या डमीची पाठीवरची शिवण उसवायला सुरुवात केली.

एक थर निघाला. त्याखाली दुसरा, जरा पिवळसर. त्याखाली आणखी एक. पातळ पातळ, अंगभर सारखे, कांद्याच्या पाकळ्यांसारखे. सासऱ्यांच्या अंगावर थर कमी होते, पण सगळे पुढच्या बाजूला, पोटावर, एकावर एक. तरुण ताईंच्या डमीवर जुना एकही थर नव्हता, होता तो एकदम जाडजूड फोम. तरुण दादांच्या डमीवर तर त्याहून जाड.

"इथे कापूस नाही?" ताईंनी विचारलं.

"तरुणांना कापसानं भागेना, ताई. फार घाईनं वाढायला लागलं. नर्सिंगच्या पोरी आणि नवे पहारेकरी पंचविशीतच आईबापांच्या मापाला येऊन टेकले."

निघालेले थर जमिनीवर पडत होते. प्रत्येकानं अंगाचा आकार धरून ठेवलेला. दारात जमलेल्या बायका ते ओलांडायला धजेनात. कोपऱ्यात कुणी पाचवं माणूस आडवं पडल्यासारखं वाटत होतं.

ताई खाली बसल्या. "मामा, दवाखान्यात मी जे वर्षानुवर्षं बघतेय ते तुम्ही इथे शिवून ठेवलंत. आधी चाळिशीपुढच्या बायका जड झाल्या. आपण म्हटलं, बाळंतपणाचं आहे, वयाचं आहे. वरून त्यांची चेष्टा केली. मग पुरुषांचं पोट पुढे आलं. त्याला आपण काय म्हटलं? सुख मानवलं! आणि आता ज्यांचं वय हुंदडायचं, ती पोरं. जाडी एकट्यादुकट्याच्या आळसानं आली असती, तर अख्ख्या गावाच्या मापाला डमी कशाला फुगवावी लागली असती? दिवसभर बैठं काम, हाताशी सतत गोडधोड, तळलेलं, अपुरी झोप, चालायला धड रस्ता नाही. हे सगळ्यांचं दुखणं आहे. आणि तुम्ही प्रत्येकाला सांगत राहिलात, तुला काही झालं नाही!"

"मी दुखावलं तरी नाही कुणाला," मामा पुटपुटले.

"काय चाललंय इथे?" दादांचा आवाज आला. ऑफिस ते खोली एवढ्या अंतरातही त्यांना धाप लागली होती. त्यांनी जमिनीकडे पाहिलं आणि मग समोर.

समोर ते स्वतः उभे होते. पंचविशीतले. सपाट पोट, अरुंद कंबर, डावा खांदा जरा पडका.

"तुझी कंबर किती रे?" ताईंनी विचारलं.

"चौतीस," दादा म्हणाले. पण नेहमीचा जोर नव्हता.

"मामा, टेप द्या."

"काही गरज नाही!" दादा मागे सरले. "ही काय पोरखेळाची जागा आहे? चला, कामाला लागा सगळ्या."

"दादा," मामा म्हणाले, "ती चौतीस या डमीची. तुझी पँट मी नजरेनंच कापतो, दर वेळी थोडी सैल. लेबल मात्र चौतीसचं लावतो."

"मला फसवलंत, मामा?"

"तुझ्या बापाला एकदा खरं माप सांगितलं होतं. महिनाभर बोलला नाही माझ्याशी. तेव्हापासून धसका घेतला."

ताईंचा चेहरा उतरला. "बाबा गेले तेव्हा त्यांच्या पँटवर छत्तीस लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं. मी डॉक्टर, आणि मीसुद्धा त्यावर विश्वास ठेवला!"

दादा दाराकडे वळले. ते आता निघून जाणार, खुर्चीत बसणार, मान मागे टाकणार, हे वहिनींना स्पष्ट दिसलं. आणि त्या बोलल्या. इतक्या वर्षांत कामगारांसमोर त्या नवऱ्याला कधी उलटून बोलल्या नव्हत्या.

"अहो, थांबा! दुपारी तुमचा श्वास थांबतो तेव्हा माझाही थांबतो. परत सुरू होईपर्यंत मी जिवंत नसते. तुम्ही भूत म्हणून थट्टा करता, हसता. मला लेबलाबरोबर संसार करायचा नाहीये!" मग त्यांनी मामांच्या गळ्यातली टेप ओढून घेतली आणि आधी स्वतःच्या कमरेभोवती गुंडाळली. "मामा, वाचा. मोठ्यानं वाचा. माझ्याही कपड्यांना तुम्ही मिडियमचंच लेबल लावत आलात ना?"

मामांनी वाचलं. वहिनी लाजल्या नाहीत.

दादांनी वहिनींच्या हातून टेप घेतली. मग ती त्यांनी पोटाभोवती फिरवली. चौतीसचा आकडा कुठेतरी बाजूलाच राहून गेला. टेपचं टोक येऊन टेकलं ते चव्वेचाळीसवर!

त्यांनी ते पुन्हा केलं, जणू टेप खोटी असावी. पुन्हा चव्वेचाळीस! तेव्हा पंचविशीतल्या त्या धडाच्या पडक्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

"ताई," ते हळूच म्हणाले, "तुझी गाडी आहे ना बाहेर?"

त्याच दिवशी तपासण्या सुरू झाल्या, रात्री झोपेतली तपासणीही झाली. झोपेत घशाची वाट बंद होत होती, रक्तदाब खूप वाढलेला होता, हृदय थकलं होतं. तज्ज्ञ डॉक्टर म्हणाले, आणखी काही महिने गेले असते तर काही सांगता आलं नसतं. उपाय होते, आणि ते सुरू झाले. झोपताना लावायचा श्वासयंत्राचा मुखवटा, औषधं, चालणं, ताटातला बदल. एका महिन्यात कुणी सडपातळ झालं नाही, आणि होणारही नव्हतं. पण चार रात्री उलटल्यावर वहिनींना प्रथमच, नवऱ्याच्या शेजारी, सलग झोप लागली.

कारखान्यात चार डमींऐवजी बारा आल्या, सगळ्या वयांच्या आणि अंगलटींच्या, आणि प्रत्येक लेबलावर खरं माप छापलं जाऊ लागलं. एका कंपनीनं रागानं ऑर्डर परत घेतली. दुसऱ्या कंपनीनं मात्र विचारलं, "आमच्या माणसांची तपासणी कराल का?" ताई तिथे गेल्या. सोबत मामाही गेले, गळ्यात टेप घालून.

जाड माणसाला हसणं हा आपला एक गुन्हा. त्याला गोड बोलून "काही झालं नाही" म्हणत राहणं हा दुसरा. पहिल्यानं माणूस लपतो आणि दुसऱ्यानं गाफील राहतो, आणि दोन्हीकडे आजार मात्र निवांत वाढत असतो. बायकांचा, पुरुषांचा आणि आता तरुणांचाही. माप घेणं म्हणजे लाज काढणं नव्हे. आपल्या माणसाचं खरं माप प्रेमानं घ्या, त्याच्याआधी स्वतःचं घ्या, आणि मग कमी करण्याची वाट त्याच्यासोबत चाला. खोटं माप कितीही मायेनं शिवलेलं असलं, तरी त्याच्या आत माणूस गुदमरतोच!