नवाबाऱ्याची ओहोटी

देवशी तांडेलांना "मला माहीत नाही" असं म्हणता येत नसे. चाळीस वर्षं ओख्याच्या बंदरातून गलबत बाहेर काढलेला माणूस. खलाशांनी काहीही विचारलं तरी तांडेलाकडे उत्तर तयार हवं, नाहीतर खलाशी घाबरतात. जामनगरला मुलाच्या दोन खोल्यांत राहायला आले तरी ती सवय सुटली नाही. गलबत विकलं, गुडघे गेले, पण उत्तरं शाबूत होती. आणि ती ऐकायला नऊ वर्षांची नात होती, जलपा.

जलपाला प्रश्न पडायचे ते मुंग्यांसारखे, एकामागून एक. सुट्टी लागल्याबरोबर तिनं एक जुनी वही काढली होती. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर दादांचं उत्तर. आजोबांना ती दादा म्हणे. खेकडा तिरका का चालतो? दिशा कळत नसेल तर रात्री गलबत थांबवतात का? उजवं पान आजवर कधी कोरं राहिलं नव्हतं, आणि म्हाताऱ्याला त्याचा भारी अभिमान होता. आता जगात त्यांच्याजवळ दुसरं होतं तरी काय?

मे महिन्यात शेजारची मुलं वॉटर पार्कला जाऊन आली आणि घरात रडारड सुरू झाली. पाच वर्षांचा मंथन तर दारात फतकल मारून बसला. जयसुख, म्हणजे मुलांचा बाप, पितळेच्या कारखान्यात लेथवर होता. सगळ्यांची तिकिटं काढायची तर आठवडाभराची मजुरी त्या घसरगुंडीवरून घसरून गेली असती.

"पाण्यात जायला तिकीट?" दादा खेकसले. "अरे, मी तुम्हाला बिनपाण्याचा समुद्र दाखवतो. एसटीच्या भाड्यात! पाणी कोसभर मागं जातं आणि माणूस समुद्राच्या तळावर चालतो. शंख, खेकडे... नशीब असेल तर ऑक्टोपससुद्धा."

"कुठे?"

"नवाबाऱ्याला. तासाभराचा रस्ता."

"तुम्ही कधी गेलाय तिथं, बापुजी?" जयसुखनं विचारलं.

"समुद्र सगळीकडे एकच असतो," दादा म्हणाले आणि बोटं मोजू लागले. "पुनवेला सकाळी सहाला पाणी तळाला जातं. पुढं दर तिथीला पाऊण तास घालायचा. रविवारी वद चोथ, म्हणजे पुनवेनंतरची चौथी तिथी. चार पाऊण तास म्हणजे तीन तास. नऊच्या ठोक्याला समुद्र रिकामा."

"आणि नाही झाला तर?"

"तर पुढच्या रविवारी वॉटर पार्क. आणि या घरात मी परत समुद्राचं नाव काढणार नाही."

जलपानं वहीची उरलेली कोरी पानं चाळली. दादांनी समुद्राचं नाव नाही काढलं तर वहीत लिहायचं काय?

कंचन, जयसुखची बायको, ओढणी पुढे ओढून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती सासऱ्यांशी कधी थेट बोलत नसे. जे काय असेल ते मुलीमार्फत. "जलपा, तुझ्या दादांना सांग, पैजा मारायचं वय आहे का हे? आणि सगळ्यांनी जुने बूट घाला म्हणावं."

रविवारी साडेआठला एसटीनं त्यांना नवाबाऱ्याला उतरवलं. पाच माणसं, थेपल्यांचा डबा, कैरीच्या छुंद्याची बरणी, ताकाचा कॅन आणि चार टोप्या. पुढं गेले तर समोर समुद्र. चांगला भरलेला, मातकट, किनाऱ्यावर चुळुक चुळुक करणारा.

"जाईल," दादा म्हणाले. "अजून अर्धा तास आहे."

नऊ वाजले. पाणी काही हललेलं दिसेना. सव्वानऊ झाले. जयसुखनं टोपी मागं सारली. "रविवार आहे, बापुजी. समुद्रसुद्धा उशिरा उठतो वाटतं!"

दादा हसले नाहीत. साडेनऊला त्यांनी काठी वाळूत रोवली आणि आवाज चढवला. "आता कुणी पाण्याकडे जायचं नाही. ओहोटीची वेळ टळली. आता पाणी चढायला लागणार. खा दोन घास आणि दहाची बस पकडा." एवढं बोलून ते बाभळीच्या सावलीत सगळ्यांकडे पाठ करून बसले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

जलपा तेवढी पाण्याच्या कडेला होती. आल्यापासून तिचं आणि मंथनचं एक काम चाललं होतं. दर दहा मिनिटांनी मंथन बापाच्या मोबाइलवर वेळ विचारून धावत यायचा आणि पाण्याच्या अगदी काठाला ती एक काटकी खोचायची. सहज. समुद्र काय करतो ते बघायला.

ती धावत बाभळीखाली आली. "दादा, पाणी चढतंय म्हणालात ना?"

"हो."

"मग माझ्या काटक्या कोरड्या का?"

"लाट फसवते, दीकरी." नातीला ते लाडानं असंच म्हणत.

"आठच्या आठ?"

दादा उठले. काठी टेकत खाली गेले आणि बघतच राहिले. आठ काटक्या एका रांगेत वाळूत उभ्या होत्या आणि पाणी शेवटच्या काटकीच्याही पुढं वीत-दीड वीत सरकलेलं होतं. त्यांच्या मोजणीनं या वेळी ते चढायला हवं होतं. ते चक्क उतरत होतं. दादांना भीती वाटली. चाळीस वर्षं ज्याच्या वेळेवर माणसांचे जीव सोपवले, तो समुद्र वेळ मोडतो म्हणजे काय?

"असं का होतंय, दादा?" वही उघडी, पेन्सिल तयार.

रस्त्यावर दहाच्या बसचा हॉर्न वाजला. कंचननं डब्याचं झाकण लावलं, जयसुख उठून उभा राहिला.

म्हाताऱ्याचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "मला माहीत नाही."

जयसुख होता तिथंच थांबला. बापाच्या तोंडून हे त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. जलपानं मात्र उजव्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं, "दादांना माहीत नाही," आणि तिचा चेहरा खुलला. "मग आता शोधू या!"

"जाऊ दे ती बस," दादा म्हणाले. "पण मी सांगितल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही."

नववी काटकी खोचली, दहावी खोचली. मधल्या वेळात जलपानं विचारलं, "दादा, ओखा इथून कुठं आलं?"

दादांनी काठीनं वाळूत आखात काढलं. लांबट पिशवीसारखं. पिशवीच्या तोंडाशी ओखा, आत खोल पोटात नवाबारा.

"समुद्र या तोंडातून आत येतो?"

"दुसरीकडून कुठून येणार?"

ती चित्राकडे टक लावून बघत बसली. मग म्हणाली, "मामा येतो ती बस ओख्याहून सहाला सुटते, ती जामनगरला नऊला पोचते. सहालाच पोचत नाही."

"बरं मग?"

"मग पाणी सगळीकडे एकदम कसं पोचेल? तुम्ही ओख्याची वेळ सांगितलीत, दादा. समुद्र वाटेत होता!"

दादा मटकन वाळूत बसले. मुंबई पाहिली, अरबांची बंदरं पाहिली. गलबत ओख्याहून सुटलं की कायम बाहेरच वळलं. आत वळायचं कारणच पडलं नव्हतं. आत काय, चिखल आणि मिठागरं, असं सगळेच म्हणायचे. "चाळीस वर्षं दारात उभा राहिलो," ते पुटपुटले, "आणि घरात डोकावलो नाही."

अकराच्या सुमाराला समुद्र उघडा पडला. बघता बघता खडक वर आले, डबकी चमकू लागली आणि दादांनी काठीनं चाचपत पहिलं पाऊल टाकलं. मागून सगळी वरात. "उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा. खाली कुणाचं तरी घर असतं."

शंख निघाले, अंग चोरून पळणारे खेकडे निघाले. आणि एका डबक्यात नुसता दगड वाटत होता तो हलला, तपकिरीचा पांढुरका झाला आणि आठ पाय पसरून कपारीत शिरला.

"बापुजी! इकडे, इकडे बघा!" कंचन ओरडली. ओढणी केव्हाच खांद्यावर आली होती. ती थेट सासऱ्यांशी बोलली हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, तिच्याही नाही.

साडेअकराला शेवटची काटकी पाण्याच्या काठालाच राहिली. पाणी तिच्यापासून दूर जाईना, जवळही येईना. जलपानं दादांकडे पाहिलं. "आता फिरणार," दादा म्हणाले. "चला बाहेर." हे त्यांना पक्कं माहीत होतं.

परतीच्या बसमध्ये मुलांच्या पायांना चिखलाचे मोजे होते. दादांनी काठीच्या टोकाचा चिखल पुसला. मग मुलाकडे न बघता म्हणाले, "हरलो मी. नऊ म्हणालो होतो. शब्द तो शब्द. पुढच्या रविवारी वॉटर पार्क, आणि समुद्राचं नाव बंद."

"मला परत ऑक्टोपस पाहिजे!" मंथननं भोकाड पसरलं.  जलपानं वही छातीशी घट्ट धरली होती आणि डोळे बापाकडे लावले होते.

जयसुख खिडकीबाहेर बघत होता. "नऊ म्हणालात, पण कुठले नऊ ते कुठं ठरलं होतं?" तो म्हणाला. "ओख्याला नऊलाच रिकामा झाला असेल की. तुम्ही काही हरला नाहीत, बापुजी."

दादांनी उपरण्यानं तोंड पुसलं, डोळेही पुसले. मग नातीकडे वळले. "दीकरी, वही काढ. डाव्या पानावर एक माझा प्रश्न लिही."

"तुमचा?"

"आखात जिथं संपतं, अगदी शेवटच्या टोकाला, तिथं पाणी किती वाजता पोचतं?"

जलपा लिहू लागली. बस हिसके देत होती, अक्षर वेडंवाकडं येत होतं.

"तिथंही एसटी जाते," जयसुख म्हणाला. "मी उद्या बसची वेळ विचारून येतो."