गळ्यातली चावी

मित्रांनो, मी एक जुनी चावी आहे. खैरुद्दीनमामूंच्या मुलीचा, शहनाझचा निकाह ठरला, ते साल १९६६. त्याच वर्षी माझा जन्म झाला. एका लॉरीची मूळ चावी दुबईच्या खाडीत पडली. मग मामूंनी मोडक्या गलबताच्या पितळी बिजागरीचा तुकडा कापला आणि दोन दिवस कानशीने घासून मला घडवलं. मी लागले, इंजिन सुरू झालं, तेव्हा मामू माझ्यावर फुंकर घालून म्हणाले, "शाबास गं बाय." तेवढी स्तुती मला आयुष्यात एकदाच मिळाली. पुढे मी तिच्या लायक राहिले नाही.

मामू रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. अहमद नावाच्या व्यापाऱ्याकडे ते मेकॅनिक होते. तिकडे मालकाला अरबाब म्हणतात. या अरबाबना घोड्यावरून सशांची शिकार करण्याचा भारी शौक. दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या तबेल्यातून घोडे लॉरीत चढवायचे, डोंगराच्या पायथ्याशी उतरवायचे, गाड्या तिथेच ठेवायच्या आणि पुढे घोड्यावर जायचं. लॉरी चालवायला मामूंनी आपला भाचा जहूर याला बोलावून घेतलं होतं.

पहिल्याच दिवशी मामूंनी त्याला समोर बसवलं. "रानात गाडी लावताना तोंड परतीच्या वाटेकडे ठेवायचं. दुसऱ्याची गाडी अडवायची नाही. आणि उतरताना चावी गाडीतच ठेवायची."

"गाडीतच? आणि कोणी गाडी नेली म्हणजे?"

"कोण नेणार रे? ससा?"

जीप चालवणारा तय्यब खो खो हसला. "जहूरभाई, इथल्या सशांकडे लायसन नाही!"

"हसू नको तय्यब. जहूर, ऐक. माणसाने नेली तर त्याला तशीच गरज पडली असं समजायचं. रानात गाडी सगळ्यांची असते. इथला रिवाज आहे तो."

जहूरने मान डोलावली, पण त्याला ते पटलं नाही. मुंबईत तो एका दुकानदाराची गाडी चालवायचा. एकदा चहाला उतरला, चावी आत राहिली, परत येतो तर गाडी नाही. नोकरी गेली, वर चोराशी संगनमत केल्याचा आळ आला. तेव्हापासून त्याने कोणतीच चावी गाडीत सोडली नाही. मलाही त्याने काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं. खरं सांगते, मला त्याचा गर्व वाटायचा. बाकीच्या चाव्या गाड्यांत पडून राहायच्या. मी मात्र माणसाच्या छातीवर असायचे.

१९६७ च्या मार्चमधला तो शुक्रवार होता. महिनाअखेर मामू आगबोटीने गावी जाणार होते, शहनाझच्या निकाहाला. तिच्यासाठी घेतलेलं रेशमी कापड त्यांनी पेटीत घडी करून ठेवलं होतं. माझी जोडीदारीण घडवायला पितळाचा दुसरा तुकडाही काढून ठेवला होता. "बकरीद झाली की करतो," म्हणाले होते.

दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या वाटेने तय्यबची जीप आधी आत गेली. मागून जहूरने लॉरी आणली आणि वाटेच्या तोंडावरच उभी करून घोडे उतरवले. घोडेवाल्याला ताप होता, एक घोडा रिकामा राहिला.

अरबाब म्हणाले, "जहूर, तू तो टांगा चलाता था ना? यल्ला, चलो, बैठ घोडे पे!"

मुंबईला जाण्याआधी जहूर मुरूडला टांगा चालवायचा. पाच वर्षांत त्याने घोडा हाकला नव्हता. त्याचा चेहरा असा फुलला की मलाही आनंद झाला.

मामूंनी हाक मारली, "अरे, आधी लॉरी मागे घे! जीपची वाट अडलीय!"

"आलोच मामू, तासाभरात!"

तो गेला. त्याच्याबरोबर मीही गेले.

मागे मामू आणि तय्यब दोघेच राहिले. तिथे काय घडलं, ते मला नंतर तय्यबच्या तोंडून कळलं. चुलीसाठी दगड उचलताना मामूंच्या उजव्या हाताला साप चावला. मामूंनी त्याला पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हे तर आपल्या गावचं फुरसं! इथपर्यंत आलं माझ्यासाठी!" ही त्यांची शेवटची थट्टा. तय्यबने त्यांना जीपमध्ये बसवलं. जीपची चावी जीपमध्येच होती, पण पुढे लॉरी आडवी होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दगडांची रास. तय्यब लॉरीत चढला तर मी नाही. त्याने लॉरी ढकलून पाहिली, पण चाकं रेतीत रुतलेली. मामू जीपमधूनच सांगत राहिले, कुठली तार काढ, कुठली जोड.  तय्यबच्या हातून घाईत भलतीच तार जोडली गेली आणि धूर निघाला.

मग त्याने बंदूक काढली आणि तीन बार हवेत उडवले.

ते बार आम्ही ऐकले. जहूरने घोडा थांबवला, वळून पाहिलं आणि हसून म्हणाला, "मामूंना ससा मिळाला वाटतं!" अरबाबही हसले. शिकारीच्या दिवशी बंदुकीचा आवाज ऐकून कोण घाबरेल? मी त्याच्या छातीवर उड्या मारत होते. एका तासाचे पाच तास झाले.

आम्ही परतलो तेव्हा मामूंचा हात खांद्यापर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. जहूरने मला गळ्यातून ओढलं, दोरा तुटला. तार जळाली होती, तरी त्याने मला तीनदा फिरवलं. मग सगळ्यांनी मिळून लॉरी ढकलली आणि जीप सुटली. दुबईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "इतका वेळ कुठे होतात?"  मी जहूरच्या मुठीत होते. ती मूठ ओली झाली होती.

मामूंची पेटी घेऊन जहूर गावी गेला. सगळ्यांना त्याने फुरशाचं सांगितलं, माझं नाही. लोक त्यालाच धीर देत होते आणि तो खाली मान घालून ऐकत होता. ती लाज दवाखान्यातल्या लाजेहून मोठी होती, मित्रांनो. मामूंच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी त्यांच्या बायकोने, मरियमबीने, विचारलं, "जहूर, त्यांना न्यायला उशीर का झाला रे?"

त्याने मला तिच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं.

मरियमबीने मला उचललं. कानशीच्या खुणांवरून बोट फिरवलं. "त्यांच्याच हातची आहे," ती म्हणाली.  मग उठली. "जेवून जा. उपाशी जाऊ नको."

जहूरने पुन्हा कधी गाडी चालवली नाही. मरियमबीने मला ओटीवरच्या खिळ्याला अडकवलं. तिथे मी अजून आहे, हिरवी पडलेली. कुठलंच कुलूप माझं नाही.

मित्रांनो, गाडी लावाल तेव्हा मागे कोण उभं आहे ते उतरून पाहा. आपली गाडी जपताना दुसऱ्याची वाट आपल्या खिशात घालून नेऊ नका.

मला घडवणारे खैरुद्दीनमामू १२ मार्च १९६७ रोजी, रविवारी पहाटे, दुबईत वारले.