शेडचं दुसरं टोक

आमचं कोंबड्यांचं शेड रोज सकाळी सात फुटांनी वाढतं. मी टेपने मोजलंय. पिल्लांच्या पाण्याच्या टाकीत औषधाची पिवळी पावडर टाकली की पत्रे सरकल्याचा आवाज येतो आणि मागची भिंत लांब गेलेली असते.

पिल्लं आजारी नसतात. तरी पावडर टाकायची, आबांनी पहिल्या लॉटपासून तसंच ठरवलंय. मी तर एक चमचा जास्तच टाकायचो. काळजी म्हणून.

"वाढतंय तर वाढू दे," आबा म्हणाले. "पत्रे फुकटात मिळतायत. तुला काय टोचतंय?"

मागच्या बुधवारी मोठ्या कोंबड्यांची गाडी भरून गेली. एक लंगडी कोंबडी मागं राहिली. राहिलेली घरातच शिजते, आमच्यात तसंच आहे. माझ्या बहिणीने, उजूने, ती धुतली, कापली आणि त्याच विळीवर काकडी चिरली.

"दादा, कोशिंबीर?"

"नको."

सगळी तिनेच खाल्ली.

आज तिचा दवाखान्यातला पाचवा दिवस. जुलाबात रक्त पडतंय. ताप हटत नाही.

आज मी पावडर टाकलीच नाही. शेड तरी वाढलं. मागची भिंत दिसेना, म्हणून आत चालत निघालो. पिल्लं बाजूला होत गेली. पत्रे खाली येत गेले. मी वाकून चाललो. दुपारी भुश्शाखाली फरशी लागली, मग लोखंडी कॉट. कॉटवर उजू.

"तू पण कोशिंबीर खाल्ली असतीस तर सोबत झाली असती," ती म्हणाली. ओठ सुकले होते.

डॉक्टर घोट्याएवढ्या भुश्शात उभे होते.

"कोंबड्यांना काय देता?"

मी खिशातलं पाकीट दिलं. त्यांनी ते सलाईनच्या बाटलीशेजारी धरलं. नाव एकच.

"हे चालत नाहीये," ते म्हणाले. "याच्या आधीचंही चाललं नाही."

"मग दुसरं लावा."

"एकच राहिलंय."

त्यांनी नवी बाटली टांगली. पिल्लांनी माना वर केल्या. सगळ्यांनी एकदम.

पहिला थेंब नळीतून खाली आला. सुईपाशी थांबला. मग वर चढायला लागला.

उजूने माझा हात घट्ट धरला. "दादा, टाकीचा वास येतोय रे."

पत्रे वाजले. तिच्या उशामागची भिंत सात फूट मागं गेली, भिंतीबरोबर तिची कॉटही. मी जागचा हललो नव्हतो. माझा हात अजून तिच्या हातात होता.