दोन खिडक्या, एक बाण

बड्या फुहाऱ्याकडून सराफ्याकडे निघालं की एक अरुंद बोळ लागतो. त्या बोळात 'नारायण-अंबादास, लग्नपत्रिकावाले' अशी पाटी आहे. जबलपुरात मराठी पत्रिका धड ऱ्हस्वदीर्घासकट छापून हवी असेल तर लोक इथेच येतात. जवळच्या पाटण गावाहून बसने येतात, वर आणि 'भैया, जल्दी कर दो' म्हणून डोक्यावर बसतात.

नारायणराव गणपतीवाले, अंबादासजी बुद्धाचे. दोघांच्या मिशा पांढऱ्या झाल्या तरी दुकानाचा एक नेम कधी मोडला नव्हता. हिंदू पत्रिकेवरचा गणपती अंबादासजींनी लावायचा आणि बौद्ध पत्रिकेवरची बुद्धमूर्ती नारायणरावांनी. यात थोरपणा काही नव्हता, अनुभव होता. नारायणरावांच्या हातात गणपती दिला की तो इतका वाढायचा की नवरा-नवरीची नावं सोंडेखाली चेंगरायची. अंबादासजी बुद्धामागे तेज काढायला बसले की अर्धा कागद पिवळा. मग सुरुवातीलाच कधीतरी ठरलं, की ज्याचं त्याने लावायचं नाही, दुसऱ्याने लावायचं. तेव्हापासून सगळं मापात होतं.

तिसरी खुर्ची शरयूची. लग्नाआधी ती इथे पाकिटांना गोंद लावायला आली आणि बघता बघता कॉम्प्युटर शिकली. कुणी शिकवलं नाही. चुकत गेली, दोघांची बोलणी खात गेली, शिकत गेली. गेल्या उन्हाळ्यात दुकानातला जुना कॉम्प्युटर मेला, तेव्हा दोघं म्हातारे सुतक पाळल्यासारखे बसले होते, कारण पत्रिकेचा जुना प्रोग्रॅम आणि ती वळणदार मराठी अक्षरं दुसऱ्या कशावर चालतच नव्हती. शरयूने चार व्हिडिओ पाहिले, दोनदा सगळं उडवलं आणि तिसऱ्यांदा जुन्या कॉम्प्युटरचा जीव काढून नव्याच्या पोटात बसवला. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, हे तिने सांगून पाहिलं. म्हातारे त्याला 'पोटातला' म्हणू लागले.

"शरयू, पोटातला चालू कर वं!"

अशी हाक आली की ती व्ह्यूअर उघडायची. पडद्यावर एक खिडकी यायची आणि खिडकीत जुना कॉम्प्युटर, तसाच्या तसा, निळ्या पडद्यासकट. दुकानातल्या कुठल्याही टेबलावरून, अगदी कुणाच्या घरूनही, ती खिडकी उघडता येई.

सगळं छान चाललेलं असताना पाटणची एक पार्टी आली. गिऱ्हाईक समोर बसलेलं. अंबादासजींनी गणपती लावला आणि तो केसभर कलला. नारायणराव सगळ्यांसमोर बोलून गेले, "अंबादास, तुले आता दिसत नाही. चष्मा बदल, नाहीतर काम सोड."

पार्टी हसली. अंबादासजींनी चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी खिशात ठेवली आणि ऑटो करून राँझीला घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मग त्यांचा फोन आला, शरयूला.

"मनीषाचं जमलं. नातीची पत्रिका मी घरूनच करतो. पोटातला मले इकडे दे."

शरयूने काउंटरवर जाऊन सांगितलं. नारायणराव पेपरातून वर न बघता म्हणाले, "देऊन टाक. दोन करता येतात ना त्याचे? एक त्याले, एक मले. वाटणीच करून टाक एकदाची. मग पाटी पण उतरवू."

करता येत होते. तेच तर वाईट होतं. पोटातल्याची नक्कल काढायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नसता. नक्कल झाली की दोन दुकानं, दोन पाट्या. तिसरी खुर्ची कुणाच्या वाटणीला जाते, हे मात्र दोघांपैकी कुणीच बोललं नव्हतं. आणि खुर्ची गेली चुलीत. पण अंबादासजींच्या नातीच्या पत्रिकेवर नारायणरावांच्या हातचा बुद्ध नाही, म्हणजे मग उरलं काय?

शरयूने दोघांना सांगितलं, "केले दोन."

नक्कल केलीच नव्हती. राँझीला जाऊन तिने मनीषाच्या लॅपटॉपवर व्ह्यूअर बसवला. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर दुसरा बसवला. आणि दोन्ही खिडक्यांना एकाच पोटातल्याचा पत्ता दिला. ज्याची खिडकी त्याची, पण खिडकीपलीकडची खोली एकच. एकाने माउसचा बाण हलवला की दुसऱ्याच्या पडद्यावरही हलणार. तिसरी खिडकी तिने आतल्या खोलीत, पाकिटांच्या ढिगामागे, स्वतःसाठी उघडून ठेवली.

एक गोष्ट मात्र ती विसरली, आणि ती सकाळीच कळली.

"शरयू!" राँझीहून फोन. "हे मले बाहेर काढून राहिलं!"

"कोण, काकाजी?"

"कोण म्हंजे? मशीन! आता आत होतो, आता खिडकीच बंद."

"पुन्हा उघडा ना."

त्यांनी उघडली. लगेच काउंटरवरून हाक आली, "अगं शरयू, माझी खिडकी गेली ना!" नारायणरावांनी उघडली की राँझीचा फोन. एक आत आला की दुसरा बाहेर. तिच्या स्वतःच्या खिडकीचं तर विचारूच नका. शेवटी तिच्या ध्यानात आलं, की आधी बसलेल्याला उठवून नव्याला जागा द्यायची, असं वळण घेऊनच हा व्ह्यूअर आलेला आहे. तिने तिन्हीकडे 'मिळून वापरा'ची खूण करायला लावली. राँझीला फोनवर ते समजावताना तिच्या तोंडाला फेस आला.

"हे काहून करायचं पण? माझा तर वेगळा आहे ना?"

"व्होल्टेजसाठी, काकाजी."

जबलपुरात व्होल्टेज म्हटलं की माणूस पुढे विचारत नाही.

दुपारी दोघंही आपापल्या खिडकीतून पोटातल्यात शिरले आणि खरी गंमत सुरू झाली. नारायणराव एका मुंजीची पत्रिका उघडायला गेले, तर बाण उलटीकडे पळाला.

"शरयू, हा बाण आपल्या मनानं चालून राहिला!"

"माउस तापला असन. जरा थांबा."

नारायणरावांनी माउस उलटा करून त्यावर फुंकर मारली, मग टेबलावर आपटला. तिकडे राँझीत बाण थरथरला असणार, कारण फोन आला. "याले काहीतरी लागलं बावा. झटके येऊन राहिले."

"व्होल्टेज," शरयू काउंटरपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणून गेली आणि मग तोंडात पदर कोंबला.

मग काउंटरवरची आपटाआपट थांबली. शरयूने पडद्यावर पाहिलं. मुंजीची पत्रिका बाजूला सरली होती आणि तिथे दुसरी उघडली होती. 'आयुष्मती मनीषा' अशी ठसठशीत अक्षरं, खाली आजोबांचं नाव. तिने दाराच्या फटीतून पाहिलं. नारायणरावांचा हात माउसवरून उठला होता. ते पडद्याच्या अगदी जवळ गेले होते. मग त्यांनी हळूच आतल्या खोलीकडे मान वळवली. शरयूने झटकन एक पाकीट उचललं आणि गोंद लावायला घेतला. ते पाकीट आधीच चिकटवलेलं होतं.

आता ओरडतील, तिला वाटलं. आता म्हणतील, तू मला फसवलंस. पण खुर्ची काही वाजली नाही.

पडद्यावर बुद्धमूर्ती आली. मोठी झाली. लहान झाली. डावीकडे गेली, उजवीकडे आली, वर चढली, परत खाली. मागचं तेज पिवळं झालं, आणखी पिवळं झालं, मग पुसलं गेलं. बाण मूर्तीच्या कडेला येऊन नुसता उभा राहिला. इतकी वर्षं हे काम अंबादासजींच्या हाताने कधी केलंच नव्हतं, आणि आता तर आपल्या डोळ्यांवरचा भरवसाही गेलेला. मूर्ती पुन्हा हलली. पुन्हा चुकली. शरयूला बघवेना. आपण केलं ते बरं केलं की म्हाताऱ्याची फजिती मांडली, हेच तिला कळेना.

"शरयू," काउंटरवरून आवाज आला.

"हाव, काकाजी."

"व्होल्टेज कसं आहे?"

"आता बरं आहे."

"अच्छा."

आणि बाण हलला. त्याने मूर्ती उचलली, नावाच्या बरोबर मधोमध आणली, थोडी लहान केली, सोडली. झालं. लगेच दुसऱ्या हाताने ती ओढून परत वाकडी केली. नारायणरावांनी सरळ केली. अंबादासजींनी वाकडी केली. मूर्ती बिचारी मंद हसत इकडून तिकडे फिरत राहिली. मग पत्रिकेच्या तळाला, जिथे मंडपाचा पत्ता यायचा, तिथे अक्षरं उमटू लागली.

'कोण आहे?'

नारायणरावांनी खूप विचार केला आणि एकेक कळ दाबत टाइप केलं, 'व्होल्टेज.'

राँझीहून आलं, 'नारायण, हात काढ.'

'तूच काढ. बुद्ध मी लावतो. नेम आहे आपला.'

'नेम गेला. मले दिसत नाही ना? तूच म्हटलं.'

शरयूने फटीतून पाहिलं. नारायणरावांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, चढवला, पुन्हा काढला. फोनवर असते तर एकाने फोन कधीच आपटला असता. इथे काही आपटायची सोय नव्हती. तळाला बारीक रेघ लुकलुकत होती, राँझीतही आणि इथेही.

मग मूर्ती उचलली गेली, जागेवर बसली. बाण तिच्यापासून दूर, कोपऱ्यात जाऊन थांबला. तळाला अक्षरं आली, हळू, दोनदा खोडून.

'लावली. सरळ आहे का, तू पाहून सांग.'

शरयूने हातातलं पाकीट चुरगाळलं. तिला राँझीतलं दिसत नव्हतं, पण ती पैजेवर सांगायला तयार होती, की तिकडे खिशातली डबी उघडली आहे आणि चष्मा नाकावर चढतो आहे.

'डावीकडून उचल. केसभर.'

नारायणरावांनी उचलली.

'अजून.'

उचलली.

'बस. आता सरळ आहे.'

'मागचं पिवळं टाकू?'

'टाक. पण जास्त नको. तू उगीच मले खूश करायला जास्त टाकशील.'

तेज मापात आलं. दोन्ही हात थांबले. आता दोघं आपापली खिडकी बंद करतील, असं वाटत असतानाच राँझीहून आलं, 'हे दोन आहेत म्हणे.'

'म्हणे.'

'एकच आहे. लबाड पोरगी.'

'आतल्या खोलीत बसून पाहून राहिली असन.'

'असनच. चहा सांग म्हणा तिले.'

'तू इथे ये, मग सांगतो. मी एकट्यासाठी सांगत नसतो.'

रेघ लुकलुकत राहिली. शरयूला राहवेना. तिने पाकिटांचा ढीग बाजूला सारला, गोंदाची बोटं पदराला पुसली आणि त्याच ओळीत, दोघांच्या अक्षरांना लागून, टाइप केलं.

'तीन सांगते.'

काउंटरवर खुर्ची करकरली. "शरयू!" नारायणराव ओरडले, पण ओरडण्यात दम नव्हता. राँझीची खिडकी बंद झाली होती, आणि ती कुणी बाहेर काढलं म्हणून नव्हे.

शरयू पायरीवर आली आणि तिने बोळाच्या तोंडावरच्या चहावाल्याला हाक मारली.

"भैया, तीन चहा. पण दूध अभी मत डालना. राँझी से आ रहे हैं."