महाराजांच्या उपवासाला न चालणारे शेंगदाणे

बमरोलीतल्या चाळींसमोर कामाधंद्यासाठी इथे आलेली खानदेशी बायामाणसं भुईमुगाच्या बियाण्याच्या पिशव्या घेऊन रांगेत उभी होती. गावाकडे पेरणी तोंडावर आलेली, आणि मांडवात शीतज्योती महाराज थेट हिमालयातून उतरलेले. येताना प्लगची वायर मात्र ते विसरले नव्हते.

त्यांच्या हातातल्या काचेच्या नळीत जांभळा उजेड थरथरत होता. बोट लावलं तरी भाजत नव्हतं. "ही ज्योत माणसाला गार, किडीला अंगार," महाराज सांगत होते. "अळी म्हणजे गेल्या जन्मीचा पाहुणा. न बोलावता जेवायला येतो." मग दाण्यांवरून नळी फिरे, चेला वर भस्म चोळी, आणि त्यात सोडलेले गव्हातले किडे थोड्या वेळात पाय वर करून पडत.

शाळेत विज्ञान शिकवणारी अपर्णा शेजारच्या कलाबाईबरोबर आली होती, ती कलाबाईच्या लेकीच्या काळजीने. रंजनाला सातवा लागला होता, आणि पेरणीच्या बियाण्यातली पहिली मूठ घरातल्या गरोदर बाईने खायची, अशी त्यांच्याकडची रीत.

नळी अपर्णाने ओळखली. उधन्याच्या ब्यूटी पार्लरमध्ये अशीच नळी तिच्या मुरुमांवर फिरवली होती. मुरुम सगळे शाबूत राहिले. मग किडेच कसे मरतात? उदबत्तीच्या धुरातूनही भस्माला उग्र वास येत होता.

कलाबाईने दाणे लेकीच्या हातावर ठेवले. अपर्णाने तो हात धरला.

"ताई, तुम्ही शाळामा शिकाडा, आठे नको," कलाबाई चिडली.

"शिकवत नाही. महाराज, आधी दोन दाणे तुम्ही खा."

"आज एकादशी. आमचा उपवास आहे."

कलाबाईचीही एकादशीच होती. तिने जरा विचार केला. "बाबा, शेंगदाना तं उपासलेच चालस."

रांग खुसखुसली. हिमालयात चालत नाही, असा खुलासा झाला. मग तिकडे साबुदाण्याच्या खिचडीत काय घालतात, अशी चौकशी सुरू झाली.

तेवढ्यात अपर्णाने दोन वाट्या मांडल्या. महाराजांची नळी उचलून एकीतल्या दाण्यांवर नुसती तीच फिरवली, दुसरीत नुसतं भस्म घातलं. दोन्हींत चेल्याकडचेच किडे सोडले. भस्मातले मेले. ज्योतीतले दर्शन घेतल्यासारखे निवांत फिरत राहिले. घाबरलेल्या चेल्याने सांगून टाकलं, की राखेत कीटकनाशकाची पावडर आहे. महाराज तोवर वायर गुंडाळून निघाले होते.

कलाबाईने रंजनाला नळावर नेलं आणि तिचे हात साबणाने पुन्हा पुन्हा धुतले.

उद्या एखाद्या प्रयोगशाळेत थंड उजेडाने बियाण्याचं खरंच भलं होईलही. पण तिथली माणसं उजेड दिलेले आणि न दिलेले दाणे शेजारी ठेवून दाखवतील. तुम्हीही तेवढंच मागा. आणि जो ते दाखवत नाही, त्याच्या हातचं पेरू नका, खाऊ तर मुळीच नका.