परत आलेली मराल

इस्पितळातून घरी आलेली पोर आपली नव्हेच, असं आयनाबातच्या मनानं पहिल्याच दिवशी घेतलं. आता कुठल्या आईला असं वाटतं? पण वाटायला कारणही तसंच होतं. मरालच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. जन्मल्यापासून त्या डोळ्यांत आयनाबातनं खसखशीच्या दाण्याएवढाच काळा ठिपका पाहिला होता. आता तिथे काळंभोर काहीतरी उघडलं होतं आणि ते टक लावून तिच्याकडे बघत होतं.

तिची मराल कशी होती? गुणाची. सकाळी सासू-सुना गालिच्याच्या मागावर बसल्या, की चहात कालवलेली अफूची गोळी पोरीच्या तोंडात पडायची. मग दिवसभर लोकरीच्या गाठोड्याशेजारी पोर आहे की नाही, हे वाकून बघावं लागायचं. आमच्या गावात सगळ्याच विणकरणी असं करतात, त्यांच्या आयांनीही केलं. माग थांबला की चूल थांबते. मरालचा बाप तिकडे इराणात वीटभट्टीवर, त्याचे पैसे आले तर आले. पण थंडीत एका सकाळी मराल निळी पडली, आणि तिला पाठीशी बांधून आयनाबात मजार शहरात धावली. इस्पितळानं पोर ठेवून घेतली. मागापायी आईला परतावं लागलं.

पोरीला घरी आणताना डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "बाई, माणसाच्या डोक्यात दुखणं शांत करणारं घरचंच औषध तयार होत असतं. बाहेरून रोज अफू आली, की डोकं म्हणतं, मी कशाला राबू? तुमच्या पोरीचं ते काम बंद पडलंय. हळूहळू सुरू होईल, पोर लहान आहे, होईल. तोवर ती रडेल, चावेल, झोपणार नाही. रडू द्या. पण एक ध्यानात ठेवा. तिची सवय आता मोडलीय. जुन्या मापानं एक गोळी दिलीत, तर श्वास बंद पडेल."

मराल रडली. चावली. कोंबडी पळाली म्हणून खदखदून हसली, आणि हसता हसता घाबरून किंचाळली. आयनाबातला तिचं हसणं ठाऊकच नव्हतं. ते ऐकून ती दोन पावलं मागे सरली.

"इस्पितळात खाटेला खाट लागलेली असते," सासू ओगुलनाबात म्हणाली. "बदलली असेल. नाहीतर जिन्नानं आपली नेऊन स्वतःची ठेवली असेल."

"काहीतरीच काय, एजे." सासूला ती एजे म्हणायची, म्हणजे आई.

"मग तू का तिला जवळ घेत नाहीस?"



तिसऱ्या सकाळी म्हातारीनं कोनाड्यातली अफूची डबी काढली. "आपली असेल तर चव ओळखेल आणि गप निजेल."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, श्वास बंद पडेल."

"आपल्या मरालचा कधी पडला नाही. ती निळी झाली ती थंडीनं. हिचा पडला, तर समजायचं परकी होती."

आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण आयनाबातनं सासूचा हात धरला नाही. तिलाही जाणून घ्यायचंच होतं. तिनं चहा ओतला.

गोळी मुठीत ठेवून म्हातारी पोर आल्यापासून बंद पडलेल्या मागावर बसली. "आधी चार गाठी मारू, पूर्वी रोज मारायचो तशा." गाठी ठोकून बसवायचा लोखंडी पंजा तिनं उचलला आणि ठोकायला लागली. ठक, ठक, ठक.

अंगणातलं रडणं थांबलं.

मराल दारात आली. कुणाकडेही न बघता ती लोकरीच्या गाठोड्यापाशी गेली, आपल्या ठरलेल्या जागी आडवी झाली आणि तिनं तोंड उघडलं. कुणी हाक मारली नव्हती, काही दाखवलं नव्हतं. गोळीला उशीर झाला की व्हायचं तसं जांभयांवर जांभया येऊ लागल्या, नाक वाहू लागलं. ते मोठे डोळे छताकडे लागले होते आणि तोंड उघडंच होतं.

म्हातारीच्या हातून पंजा पडला. "या खुदा," ती पुटपुटली, "ही आपलीच गं." मुठीतली गोळी तिनं निखारा टाकावा तशी टाकून दिली. परक्या पोरीला द्यायला निघालेली बाई, नातीला द्यायला धजेना.

तोंडात काही पडेना तशी मराल ओरडू लागली. आधीचं रडणं काहीच नव्हे, असा तो आवाज होता. ऐकता ऐकता आयनाबातला दिसलं, की आपलं बोट पेल्यात फिरतंय. फिका हिरवा चहा अफूनं तपकिरी झाला होता. आपण कधी वाकलो, गोळी कधी उचलली, तिला आठवेना. हातांनी परस्पर रोजचं काम उरकलं होतं, आणि आता ते पेला घेऊन पोरीकडे निघाले होते.

तिनं पेला जमिनीवर उलटा केला. "एजे, माझे हात धरा."

"अगं, पण..."

"धरा म्हणते ना. माझा माझ्यावर भरवसा नाही."

म्हातारीनं सुनेचे दोन्ही हात आपल्या हातांत गच्च आवळले. मराल रांगत आली. आयनाबातच्या बोटांना अफूचा वास होता. तिनं तो हुंगला, बोटं चाटली, मग दोघींच्या आवळलेल्या मुठी दातांनी उकलायला लागली. रक्त आलं, तरी दोघींपैकी कुणीही हात सोडला नाही.